वैद्यकविद्येसाठीं अर्ज कोठें करावा?

इ. स. १८८३ च्या फेब्रुवारी महिन्यांत बंगाल्यांतील श्रीरामपूर येथील महाविद्यालयांत एक व्याख्यान झालें. व्याख्यान देणारी स्त्री मराठी होती, तिला अद्याप १८ वें वर्षही पुरें झालें नव्हतें, आणि विषय होता तिच्या स्वतःच्याच नियोजित अमेरिकाप्रवासाचा. लोक जे प्रश्न तिला वारंवार विचारीत असत ते तिनें सभेपुढें एकामागून एक मांडले व त्यांचीं उत्तरें दिलीं. वैद्यक शिकण्याची सोय या देशांत नाहीं काय, हा त्यांतील एक प्रश्न होता. तिनें सांगितलें कीं, मद्रासेस एक विद्यालय आहे व इतर इलाख्यांत सुइणीच्या कामाचे वर्ग निघाले आहेत; परंतु आपणांस जें काम करावयाचें आहे त्यास तेथील शिक्षण पुरेसें नाहीं. ही स्त्री म्हणजे आनंदीबाई जोशी. पुढें फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांस प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांनीं पदवी घेतली. आणि पदवीसाठीं लिहिलेल्या निबंधाचा विषयही त्यांनीं हिंदु स्त्रियांच्या प्रसूतिशास्त्राचाच घेतला.

कोल्हापूरच्या रुग्णालयांतील नेमणूक हातीं असतांना २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं त्यांचा अंत झाला, ही करुण कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहे. आजच्या विषयास त्यांच्या चरित्राची दुसरी एक बाजू उपयोगी आहे. आनंदीबाईंनीं प्रथम काम ठरविलें. तें काम कोठें शिकवितात याचा शोध मग केला. आणि अर्ज सर्वांच्या शेवटीं लिहिला. हल्लीं हा क्रम नेमका उलटा झालेला आम्ही दरवर्षीं पाहतों. दहावीचा निकाल लागला कीं, विद्यार्थी व त्यांचे वडील आमच्याकडे येतात व विचारतात, “सर्वांत चांगलें वैद्यकीय महाविद्यालय कोणतें?” कशासाठीं चांगलें, हा प्रश्न बहुधा त्यांच्या मनांत आलेलाच नसतो. यास्तव या लेखांत त्या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

कामाचे तीन प्रकार

रोगाशीं झुंजणारीं सर्व माणसें एकाच जातीचीं नसतात. पहिला वर्ग रुग्णाची शुश्रूषा व चिकित्सा करणाऱ्या वैद्यांचा. खेड्यांतील दवाखान्यापासून शहरांतील मोठ्या रुग्णालयापर्यंत जगाचें काम मुख्यतः यांच्यावर चालतें. ज्याला माणसाजवळ बसावेंसें वाटतें, ज्याला दुसऱ्याचें दुःख पाहून पळून जावेंसें वाटत नाहीं, त्याचें हें काम आहे. आणि तें दुय्यम आहे असें कोणीही समजूं नये.

दुसरा वर्ग शास्त्रज्ञांचा. १८९६ सालीं मुंबईस प्लेग आला तेव्हां वाल्डेमार हाफकिन यांस तेथें बोलावण्यांत आलें. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांतील लहानशा जागेंत त्यांनीं प्लेगप्रतिबंधक लस तयार केली, व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. परळ येथील संस्थेस त्यांचें नांव आहे, म्हणून पुष्कळांचा असा समज असतो कीं, ते मोठे डॉक्टर असावेत. वस्तुतः हाफकिन वैद्य नव्हते; त्यांचें शिक्षण प्राणिशास्त्राचें होतें. रोगाचें कारण शोधण्यास वैद्यकाची पदवी लागतेच असें नाहीं, हें या उदाहरणावरून विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

तिसरा वर्ग या दोहोंच्या मधला. त्यास आपण वैद्य-संशोधक म्हणूं. प्रश्न त्याला रुग्णाच्या खाटेपाशीं सुचतो, उत्तर तो प्रयोगशाळेंत शोधतो, आणि तें उत्तर खरें कीं खोटें हें पाहण्यास पुन्हां रुग्णाकडे येतो. यल्लाप्रगड सुब्बाराव हे या वर्गाचें उत्तम उदाहरण होय. मद्रासेस वैद्यक शिकून ते १९२३ सालीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत गेले व १९३० सालीं तेथें त्यांनीं पीएच्. डी. मिळविली. त्यांच्या भावाचा मृत्यु स्प्रू नामक पचनाच्या रोगानें झाला होता. पुढें ज्या फॉलिक आम्लाचा त्या रोगांत उपयोग होतो तें कृत्रिम रीतीनें तयार करण्याच्या कामाचे नायक हेच झाले. हत्तीरोगाच्या निर्मूलनासाठीं घरोघर ज्या डीईसी गोळ्या वांटतात त्यांचें औषधही त्यांच्याच देखरेखीखालीं सिद्ध झालें. आमच्या मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील हे दुसरें उदाहरण. सर्पगंधेच्या मुळीनें रक्ताचा वाढलेला दाब कसा उतरतो याविषयींचा आपला अनुभव त्यांनीं १९४९ सालीं एका ब्रिटिश नियतकालिकांत प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून जगाचें लक्ष त्या औषधाकडे लागलें. वैद्यांस सर्पगंधा पूर्वींपासून माहीत होती. वकिलांनीं अधिक काय केलें, तर पुष्कळ रुग्णांवरील परिणाम मोजून, टिपून, तो जगापुढें ठेवला.

विद्यार्थ्यानें अर्जाचा कागद हातीं घेण्यापूर्वीं आपण या तिहींपैकीं कोणत्या वर्गांत बसूं याचा प्रामाणिक विचार करावा. पंधराव्या-सोळाव्या वर्षीं कायमचा निश्चय होत नाहीं हें आम्हांस मान्य आहे. तथापि मनाचा कल कळण्यास एक साधी कसोटी आहे. घरांत कोणी आजारी पडलें असतां तुमचे पाय आपोआप कोठें वळतात? उशापाशीं बसून पाणी पाजण्याकडे, कीं हा ताप एक दिवसाआड कां येतो हें पुस्तकांत शोधण्याकडे? कांहींचे पाय दोन्हींकडे वळतात. त्यांनीं तिसऱ्या वाटेचा विचार अवश्य करावा.

दारें कोठें आहेत

आपल्या देशांत वैद्यकाच्या पदवीस जाण्याचें मुख्य दार एकच आहे. बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय घेऊन ‘नीट’ ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. ७२० गुणांपैकीं निम्मे, म्हणजे ३६०, जीवशास्त्राचे असतात. परीक्षा मराठींतूनही देतां येते. २०२० सालापासून दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था व तिच्या भगिनीसंस्था यांचे प्रवेशही याच परीक्षेनें होतात. शासकीय महाविद्यालयांतील शेंकडा १५ जागा अखिल भारतीय यादींतून व शेंकडा ८५ राज्याच्या यादींतून भरतात. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, व त्यापुढें एक वर्ष रुग्णालयांत प्रत्यक्ष काम. त्यानंतर एखाद्या शाखेंत एम्. डी. किंवा एम्. एस्. करावयाचें तर आणखी ३ वर्षें लागतात.

परीक्षा एक असली तरी संस्था एकसारख्या नाहींत. मुंबईचें ग्रँट महाविद्यालय १८४५ चें, सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालय व त्यास जोडलेलें के. ई. एम्. रुग्णालय १९२६ चें. येथें रुग्णांची गर्दी अपार, व त्यामुळें पाहण्यास मिळणाऱ्या रोगांचें वैचित्र्यही अपार. सेवाग्राम येथें १९६९ सालीं निघालेल्या महात्मा गांधी संस्थेंत प्रत्येक वर्गास एक खेडें नेमून देतात, व विद्यार्थी तेथील कुटुंबांत जाऊन आरोग्याचें काम शिकतात. पुण्याचें सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ चें. येथें नीटच्या गुणांवर पुन्हां संस्थेची चाचणी व मुलाखत होते, आणि पदवीनंतर सैन्यांत सेवा करावी लागते. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचा उगम डॉ. आयडा स्कडर यांच्या लहानशा दवाखान्यांत झाला. त्यांनीं १९१८ सालीं मुलींसाठीं वैद्यकाची शाळा काढली. मुलांस तेथें १९४७ सालापासून घेऊं लागले. येथील पुष्कळ जागा निरनिराळ्या मंडळ्यांनीं पुरस्कारिलेल्या उमेदवारांसाठीं असतात. अशा उमेदवारास पदवीनंतर मिशनच्या रुग्णालयांत कांहीं मुदत सेवा करावी लागते.

ज्यांचा ओढा दुसऱ्या वर्गाकडे आहे त्यांस नीटच्या दाराशीं गर्दी करण्याचें मुळींच कारण नाहीं. पुण्यास २००६ सालीं स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत बारावीनंतर त्या संस्थांची स्वतंत्र परीक्षा देऊन जातां येतें, व पांच वर्षांत शास्त्राची दुहेरी पदवी मिळते. जो विद्यार्थी रक्त पाहून डोळे मिटतो परंतु सूक्ष्मदर्शकापासून हलत नाहीं, त्याला आईबापांच्या हौसेखातर वैद्यकाकडे ढकलल्यानें एक वैद्य कच्चा निपजतो व एक शास्त्रज्ञ फुकट जातो.

तिसऱ्या वाटेची स्वतंत्र अशी व्यवस्था प्रथम अमेरिकेंत झाली. वैद्यकाची व संशोधनाची अशा दोन्ही पदव्या एकाच अभ्यासक्रमांत देण्याचा उपक्रम तेथील वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठानें १९५६ सालीं केला, व १९६४ सालीं तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें तीन विद्यापीठांस अशा शिक्षणासाठीं द्रव्य देण्यास आरंभ केला. आतां ही व्यवस्था तेथें पुष्कळ विद्यापीठांत आहे. आरंभीं दोन वर्षें वैद्यकाचा पाया, मग तीन-चार वर्षें प्रयोगशाळा, आणि नंतर पुन्हां रुग्णालय, अशीं सुमारें आठ वर्षें जातात. पुष्कळ ठिकाणीं शिक्षणाची फी माफ असून निर्वाहवेतनही मिळतें. हें ऐकून आमच्या पालकांचे डोळे लकाकतात; म्हणून पुढचें वाक्य त्यांनीं सावकाश वाचावें. हा प्रवेश बारावीनंतर मिळत नाहीं. आधीं चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. आणि सरकारी द्रव्य तेथील नागरिकांस व कायमच्या रहिवाशांसच मिळत असल्यामुळें परदेशी विद्यार्थ्यांस जागा फार थोड्या असतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांस ही वाट सरळ आहे. येथून जाणारास ती बिकट आहे.

इकडे ही वाट तुकड्यातुकड्यांनीं चालावी लागते. प्रथम एम्. बी. बी. एस्. करावें, मग एम्. डी., आणि त्याच्या आधीं किंवा नंतर पीएच्. डी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनें रुग्णालयासह वैद्यकाचें विद्यालय काढून दोन्ही पदव्यांचा संयुक्त अभ्यासक्रम चालविण्याचा संकल्प २०२२ सालीं जाहीर केला, हें सुचिन्ह होय. तूर्त विद्यार्थ्यानें एवढें लक्षांत ठेवावें कीं, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें १९७९ पासून एम्. बी. बी. एस्. च्या विद्यार्थ्यांसाठीं दोन महिन्यांच्या संशोधनाची शिष्यवृत्ति ठेविली आहे. आपणांस हें काम खरोखर आवडतें कीं नुसतें त्याचें नांव आवडतें, हें या दोन महिन्यांत कळून येतें.

संस्था काय मागते

आतां आम्ही आमच्याच एका चुकीची हकीकत सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंत एक मुलगा होता. बेडकाचें हृदय शरीराबाहेर काढल्यावरही कांहीं वेळ कां उडतें, हें विचारण्यासाठीं तो शाळा सुटल्यावर तासभर थांबलेला आम्हांस आठवतो. पुढें नीटमध्यें त्याला गुण बरे पडले. परंतु शासकीय जागा थोडक्यांत हुकली. वडिलांची शेती होती. ती गहाण ठेवून एका खासगी महाविद्यालयांत जागा घ्यावी काय, असें त्यांनीं आम्हांस विचारलें. आम्हीं त्या संस्थेचें नांव ऐकलें होतें, इमारती पाहिल्या होत्या. आम्हीं “घ्या” म्हटलें. पुन्हां एक वर्ष अभ्यास करून पाहावा, किंवा शास्त्राच्या दाराकडेही एकदां पाहावें, हें सांगण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. मुलगा डॉक्टर झाला, चांगला झाला. पुढें एका संशोधनसंस्थेंत तीन वर्षें काम करण्याची संधि त्याच्याकडे आपण होऊन चालत आली. त्यानें ती नाकारली. कारण तेथील वेतनांतून कर्जाचे हप्ते फिटले नसते. गेल्या वर्षीं तो भेटावयास आला होता. त्यानें आम्हांस कांहीं एक दोष दिला नाहीं. त्यामुळें आमची चूक आम्हांस अधिकच टोंचली.

या अनुभवावरून जें शिकलों तें असें: संस्था काय देते हें सर्वजण विचारतात, संस्था काय मागते हें कोणी विचारीत नाहीं. प्रत्येक संस्था तीन गोष्टी मागते: पैसा, वर्षें, आणि शब्द. पैसा म्हणजे नुसती पहिल्या वर्षाची फी नव्हे. वसतिगृह, भोजन, पुस्तकें व दरवर्षींची वाढ धरून साडेपांच वर्षांचा एकूण आंकडा कागदावर मांडावा. वर्षें म्हणजे आपण स्वतः मिळवितें होईपर्यंतचा काळ. घरांत धाकटीं भावंडें असल्यास त्यांच्या शिक्षणाचीं वर्षेंही त्यांत धरावीं. शब्द म्हणजे बंधपत्र. महाराष्ट्रांतील शासकीय महाविद्यालयांतून पदवी घेणारास एक वर्षाच्या शासकीय सेवेचें बंधपत्र द्यावें लागतें. सैन्याच्या महाविद्यालयाचें व मिशनच्या महाविद्यालयाचें वर सांगितलेंच आहे. हीं बंधनें वाईट आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याला खेड्यांतच जावयाचें आहे त्याला खेड्यांतील सेवेची अट ओझें वाटत नाहीं, आणि ज्याला सैनिकाचा गणवेश प्रिय आहे त्याला ती भूषणच वाटते. परंतु दिलेला शब्द मोडण्याची युक्ति मनांत योजूनच जो सही करतो, त्याच्या हातीं पुढें रुग्णानें आपला जीव विश्वासानें कसा द्यावा?

वैद्य-संशोधक होऊं इच्छिणारास तर ऋणाचा विचार सर्वांत आधीं केला पाहिजे. संशोधनांत पैसा उशिरां व थोडा येतो. कर्जाचें व्याज मात्र वाट पाहत नाहीं. यास्तव अशा विद्यार्थ्यानें, साधें पण अल्पखर्चाचें शासकीय महाविद्यालय व नांवाजलेलें पण कर्जांत बुडविणारें खासगी महाविद्यालय यांत निवड करण्याचा प्रसंग आल्यास, पहिल्याकडे वळावें असें आमचें स्पष्ट मत आहे.

यादी कशी करावी

निकाल लागल्यावर पसंतीक्रम भरण्यास दिवस थोडे मिळतात व मन गोंधळलेलें असतें. म्हणून यादी आधींच, शांत चित्तानें करावी. शेजाऱ्याची यादी उतरून घेऊं नये. शेजाऱ्याच्या मुलाचे पाय निराळे व वाटही निराळी. प्रत्येक संस्थेपुढें कांहीं प्रश्नांचीं उत्तरें लिहावीं. रुग्णालयांत रोगी खरोखर येतात काय? नुसत्या खाटा मोजूं नयेत. बाह्यरुग्णविभागाच्या दारांत एक सकाळ उभें राहून पाहावें. तेथील शिक्षक कोणत्या प्रश्नावर काम करतात, व विद्यार्थ्यांस त्यांत हात घालूं देतात काय? तिसऱ्या-चौथ्या वर्षांतील विद्यार्थी काय म्हणतात? एकूण खर्च किती व बंधपत्र काय? आणि शेवटचा प्रश्न, तेथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोणतें काम करीत आहेत? वृक्षाची ओळख फळांवरूनच होते.

क्रम लावतांना एक गैरसमज मनांतून काढून टाकावा. पुष्कळ पालक भीतीनें, सहज मिळेल अशी संस्था वर घालतात. वस्तुतः आपल्या गुणक्रमांकास पोंचणारी, यादींतील सर्वांत वरची जागा आपणांस मिळते; यास्तव खरी आवड वर लिहिल्यानें खालची जागा हुकत नाहीं. उलट, जी जागा मिळाली तरी घ्यावयाची नाहीं ती यादींत घालूंच नये. पुढच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडल्यास अनामत रक्कम जाते व पुढील संधीसही मुकावें लागतें. नियम दरवर्षीं थोडेबहुत बदलतात. त्या त्या वर्षाचें माहितीपत्रक विद्यार्थ्यानें स्वतः, अथपासून इतिपर्यंत वाचावें.

परदेशांत थोड्या खर्चांत डॉक्टर करून देतों असें सांगणारे मध्यस्थ हल्लीं गांवोगांव फिरतात. त्यांच्याशीं बोलण्यापूर्वीं २०२१ सालचे नियम माहीत असावेत. तेथील अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असला पाहिजे; त्यापुढें त्याच संस्थेंत १२ महिन्यांचें प्रत्यक्ष काम झालें पाहिजे; त्या पदवीनें त्या देशांतही वैद्यकी करतां आली पाहिजे; आणि परत आल्यावर येथील परीक्षा उतरावी लागते. शिवाय जाण्यापूर्वीं नीटची पात्रताही लागतेच. यांतील एकही गोष्ट जो मध्यस्थ टाळून बोलतो त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

पालकांस व विद्यार्थ्यांस विनंती

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहींतर पाया घालून काम अर्धवट राहतें व लोक हंसतात, हा शुभवर्तमानांतील दृष्टांत आमच्या शाळेच्या प्रार्थनासभेंत विद्यार्थ्यांनीं अनेकदां ऐकला आहे. त्यांत बुरूज बांधूं नये असें कोठेंही सांगितलेलें नाहीं. बसून हिशेब करावा एवढेंच सांगितलें आहे. पालकांनीं एका संध्याकाळीं मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून घरची खरी स्थिति मोकळेपणानें सांगावी. मुलांनींही आपल्या मनांतील खरी ओढ न भितां सांगावी. अशा एका संध्याकाळीं जी यादी तयार होईल ती कोणत्याही वर्तमानपत्रांतील क्रमवारीपेक्षां अधिक भरंवशाची असेल.

ज्यांस कोठेंच जागा मिळणार नाहीं अशीं मुलें दरवर्षीं पुष्कळ असतात, व त्यांत बुद्धिवान् मुलेंही असतात. त्यांस आम्ही एवढेंच सांगतों कीं, रोग्याची सेवा करण्यास परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळेंतील तंत्रज्ञ हींही दारें आहेत, आणि रोगाचें मूळ शोधण्यास शास्त्राचें दार उघडें आहे. काम आधीं ठरलें असलें म्हणजे एक दार बंद झाल्यानें माणूस निराधार होत नाहीं. तो पुढच्या दाराशीं जातो.

आमच्या त्या विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ यंदा आमच्या नवव्या इयत्तेंत आहे. यंदा त्याच्या वडिलांनीं आम्हांस विद्यालयाचें नांव विचारलें नाहीं. “याला काय आवडतें तें तुम्ही वर्गांत पाहून आम्हांस सांगा,” एवढेंच ते म्हणाले. आम्ही पाहत आहों.